पऱ्हाटीच्या वावरात हॅकर मेळा: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पहिल्या मेळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोलीस पाटील मोटरसायकलवर वावरात आले. गाडी बांधाशी लावली आणि लांबूनच विचारलं, "हॅकर येऊन राह्यले म्हन्ते. बँकेतले पैसे उडवनारे व्हय का जी?" आम्ही तिघं तेव्हा एका उघड्या फवारणी पंपात डोकं घालून बसलो होतो. बॅटरी चांगली होती, चार्जरमधला पाच रुपयांचा डायोड गेला होता. तो बदलला, पंप फुरफुरला. पाटलांनी चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "माह्या घरचा बी बंद हाय. उद्या आनतो."

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात आम्ही साठ-सत्तर जण दर जानेवारीत दोन मुक्काम करतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले, कोड लिहिणारे, आयटीआयचे वेल्डर, दोन-तीन शिक्षक, गावातले मोटर रिवाइंडिंगवाले आणि ज्यांना काहीच येत नाही पण उघडून बघायची खाज आहे असे बरेच. नवीन माणूस फोनवर तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी थोडी वंशावळ. 'हॅक' हा शब्द वस्तू उघडून, डोकं लढवून मार्ग काढण्याच्या अर्थानं रुळला तो १९५०च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मॉडेल रेल्वे क्लबात. खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांखालची वायरिंग डोकं लढवून करणारी ती पोरं. तंबू ठोकून भरणारे मेळे मात्र युरोपातले. नेदरलँड्समध्ये १९९३ साली असा मेळा भरला. जर्मनीत बर्लिनजवळ १९९९ पासून साधारण दर चार वर्षांनी 'केऑस कम्युनिकेशन कॅम्प' भरतो, इंग्लंडात २०१२ पासून 'ईएमएफ कॅम्प', डेन्मार्कात २०१६ पासून दरवर्षी 'बॉर्नहॅक'. तिथं शेकडो-हजारो माणसं शेतात तंबू ठोकतात, स्वतःची वीज, स्वतःचं नेटवर्क, स्वतःचे टेलिफोन उभारतात आणि काही दिवसांनी सगळं उचलून जातात. आपल्या देशात २०१४ साली धरमशालेच्या डोंगरात 'हिलहॅक्स' झाला. आमचा मेळा त्यांच्यापुढं तान्हं लेकरू.

पण वर्ध्याच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघानं चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचा: हातानं किंवा पायानं चालावा, आठ तासांत १६ हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकावा, हिंदुस्थानातच बनावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. येताना एक दिवस जास्त असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय बघा. १९३८ पासून आहे, आणि यंत्र माणसाच्या हाताच्या मापाचं कसं असतं ते तिथं दिसतं.

आधी ठरवायचं: काय घेऊन येणार

तिकिटाच्याही आधी हे ठरवा. नवखा माणूस विचारतो, "मला काही येत नाही, मी येऊ का?" या. फक्त रिकाम्या हातानं येऊ नका. लग्नघरी आहेर नसला तरी चालतो, पण माणूस पंगतीत वाढायला तरी उभा राहतो ना, तसं.

सगळ्यात चांगलं सामान म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. बंद पडलेला मिक्सर, अडकलेला प्रोग्राम, मोबाइल स्टार्टर जो मोटर चालू करतो पण बंद करत नाही. पूर्ण झालेली वस्तू आणली की लोक 'वा' म्हणतात आणि पुढं जातात. अर्धवट वस्तूभोवती पाच माणसं बसतात आणि दोन तासांनी तुम्हाला त्या पाचांची नावं पाठ झालेली असतात.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत मातीतल्या ओलाव्याचं यंत्र आणलं होतं. ईएसपी-३२ नावाचा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड, दोन दातांचा सेन्सर, मोबाइलवर आकडा. घरच्या कुंडीत झकास चालायचं. वावरात खोचलं तर आकडा सकाळी एक, दुपारी भलताच. त्या वावराचे मालक काका बाजूला उकिडवे बसून बघत होते. त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, सोडलं. म्हणाले, "वाफसा आला का नाही, येवढं सांगते का तुह्यं मशीन?"

नव्हतं सांगत. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, मशागतीजोगी झालेली. दोन दिवस आम्ही त्यावरच घालवले. काळी भुई वाळली की आकसते, सेन्सरच्या बाजूला बारीक फट पडते आणि यंत्र माती सोडून हवा मोजत बसतं. शिवाय ते उघड्या दातांचे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत विजेमुळं काही दिवसांतच गंजतात. त्यापेक्षा धातू झाकलेला कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा, तो चिखल कालवून घट्ट बसवावा, आणि आकडा काकांच्या मुठीशी ताडून पाहावा: आज वाफसा आहे, आज नाही, आज पाय रुततो. तीन हंगाम ते ताडणं चालू आहे. 'ओलावा ४२ टक्के' असं दाखवणारी यंत्रं बाजारात ढिगानं आहेत. वखर आज घालू का उद्या, हे सांगणारं आम्ही अजून बनवतोय.

घरी करायची तयारी

वावरात इंटरनेट म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहिलं तर एक दांडी. म्हणून सगळी डाउनलोड घरीच उरका. ईएसपी-३२ वापरणार असाल तर अर्डुइनोमध्ये (बोर्डावर प्रोग्राम चढवायचं सॉफ्टवेअर) त्याचं बोर्ड पॅकेज आधीच टाकून ठेवा. ते काहीशे एमबीचं आहे आणि दरवर्षी कुणीतरी ते वावरात उतरवायला बसतो, त्याचा अख्खा पहिला दिवस त्यातच जातो. यूएसबीचा ड्रायव्हर घालून ठेवा. आणि केबल तपासा! बऱ्याच केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. घरी एकदा बोर्ड जोडून दिवा लुकलुकवून पाहा, मगच ती केबल पिशवीत टाका. वाचायला आमच्याकडं आतल्या सर्व्हरवर किविक्समध्ये विकिपीडिया ठेवलेला असतो, त्याला बाहेरचं नेट लागत नाही.

लोरा (कमी विजेवर लांब पल्ला गाठणारा) रेडिओ आणणार असाल तर बँड बघून घ्या. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना चालतं. स्वस्तात मिळाला म्हणून ९१५चा अमेरिकी बोर्ड आणू नका, तो इथं चालवायची परवानगी नाही. ड्रोन आणायचं असेल तर आधी विचारा, बोर व्याघ्र प्रकल्पाचा काठ लांब नाही.

घरच्यांना नीट सांगून या. 'हॅकर कॅम्प' म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढं भलतंच काही येतं. मुलींच्या घरून फोन येतोच, आणि तो आला पाहिजे. आम्ही शेतमालकांच्या घरातल्या काकूंशी बोलणं करून देतो. मुलींचे तंबू घराजवळ असतात, संडास-बाथरूम पक्कं आहे.

सामान

जानेवारीत दुपारी शर्टात घाम येतो आणि पहाटे पारा आठ-दहावर उतरतो. पुण्या-मुंबईची मंडळी 'विदर्भ म्हणजे ऊन' एवढंच धरून येतात आणि रात्री शेकोटीपाशी दात वाजवत बसतात. दोन ब्लँकेटं आणा, एक अंगाखाली, एक अंगावर. थंडी खालून लागते हे तंबूत पहिल्यांदा झोपणाऱ्याला पहाटे तीनला कळतं. कानटोपी. बंद बूट. डोक्याला लावायची बॅटरी, कारण दोन्ही हात मोकळे लागतात.

दव फार पडतं. लॅपटॉप रात्री उघडा ठेवला तर सकाळी कळफलकावर थेंब असतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवा. युरियाची रिकामी पिशवी वापरू नका. धुतली तरी खार राहतो आणि तो तांब्याला खातो.

ताट, वाटी, पेला आपापला. हत्यारं आणलीत तर प्रत्येकावर रंगीत टेपची खूण करा, नाहीतर तुमचा पक्कड कुणाच्या तरी पिशवीतून अकोल्याला जाईल. रेल्वेत स्टोव्ह, गॅसची टाकी, रॉकेल चालत नाही, ते आणूच नका.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सुटे सेल आणताना दोन्ही टोकांना टेप लावा, आणि ते तंबूच्या आत चार्ज करायचे नाहीत. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो. एकदा पाठवलंय.

पोचणं

मुंबईकडून येणाऱ्यांनी वर्ध्याला उतरावं. दक्षिणेकडून नागपूरला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वर्ध्याला न जाता सेवाग्रामला थांबतात, ज्याचं जुनं नाव वर्धा पूर्व. तिकीट काढताना दोन्ही नावं शोधा. पुढं सेलूपर्यंत एसटी, आणि तिथून आमच्यापैकी कुणीतरी गाडी घेऊन येतो. अंधार पडायच्या आत पोचा. तंबू दिवसाउजेडी ठोकायचा असतो.

तंबू

जागा दाखवली की आधी वाका आणि हातानं चाचपा. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खुंट राहतात, कापल्यासारखे टोकदार. ते तंबूची बूड फाडतात आणि मग गादीची हवा काढतात. खुंट उपटा, खाली ताडपत्री घाला, मग तंबू. तंबूबरोबर मिळणारे नाजूक खिळे काळ्या मातीत धरत नाहीत. वरून भुसभुशीत, आत भेगा. फूटभर लांबीची सळई तिरकी ठोकली तर धरते. आमच्याकडं सळयांचा ढीग आहे, मागून घ्या.

कडब्याच्या किंवा तुराट्यांच्या गंजीपासून लांब राहा. तिथं विडी-सिगारेट नाही, सोल्डरिंग नाही, ठिणगीचं काहीच नाही. कडब्याची गंजी म्हणजे शेतकऱ्याच्या गुरांचा वर्षाचा चारा.

युरोपातल्या मेळ्यांत एका आवडीची माणसं तंबू एकत्र लावतात आणि त्याला 'व्हिलेज' म्हणतात. आम्ही 'वस्ती' म्हणतो. रेडिओवाल्यांची, शिवणयंत्रवाल्यांची, वेल्डरांची (ती सगळ्यात लांब, विहिरीपलीकडं). नवखे असाल तर कुठल्याच वस्तीत जाऊ नका, मधल्या मांडवाजवळ तंबू लावा. सगळे तिथूनच जातात-येतात.

वीज

आमचा जनरेटर पाच केव्हीएचा, म्हणजे धरून चाला चार किलोवॅट. लॅपटॉपला साठेक वॅट, साध्या सोल्डरिंग आयर्नला पंचवीस. पाणी गरम करायची केटल एकटी दीड-दोन हजार वॅट खाते. दोन केटल लागल्या की सगळ्या मांडवाचे दिवे झोपतात, म्हणून केटल, इस्त्री, हीटर बंद. लॅपटॉप पाळीपाळीनं चार्ज होतात, फळ्यावर नाव लिहा.

एक्स्टेन्शनची वायर चक्रीवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतून जास्त करंट गेला की उष्णता बाहेर पडायला जागा नसते आणि आवरण वितळतं. जोड जमिनीवर ठेवू नका, विटेवर ठेवून वर प्लास्टिकचं घमेलं पालथं घाला. कृषिपंपाच्या मीटरवरून कुणी तार ओढायची नाही. तारेवर आकडा टाकून वीज चोरण्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्यातले अर्धे जण त्यात तरबेज आहेत, पण इथं नाही.

फोन चार्ज करायला फवारणी पंपाची बॅटरी कामाची. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास, म्हणजे ९६ वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तरी त्यात दोन फोन पूर्ण भरतात. १२ व्होल्टवरून यूएसबी करणारा गाडीतला चार्जर जोडला की झालं.

नेटवर्कचा स्विच आम्ही धान्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवतो. जर्मनीच्या कॅम्पात हेच काम फिरत्या संडासाच्या खोक्यांत होतं. पाऊस लागत नाही, कुलूप लागतं, ट्रकमधून आणता येतं. त्याला ते 'डाटेनक्लो', म्हणजे डेटाचा संडास म्हणतात. कोठी त्यामानानं सोवळी. केबल जिथून जाते तिथं तुराट्या रोवलेल्या असतात, त्यांच्यामध्ये पाय टाकू नका. तरीही रात्रीत उंदीर एखादी केबल कुरतडतोच. ती शोधणं हा नवख्यांचा आवडता खेळ आहे.

पहिला दिवस आणि माणसं

सकाळी मांडवात फळा असतो. कुणीही नाव, विषय आणि वेळ लिहितो, तेच वेळापत्रक. संध्याकाळी चादरीच्या पडद्यावर पाच-पाच मिनिटांची भाषणं होतात. पहिल्याच दिवशी नाव लिहा. विषय लहान घ्या: 'माझा इन्व्हर्टर का गुणगुणतो', 'आजीचं शिवणयंत्र मी कसं बिघडवलं'. मराठीत बोला. इंग्रजी शब्दांमागं लपलेलं अर्धं ज्ञान इथले मेकॅनिक लगेच ओळखतात, आणि तोंडावर सांगतात.

गेल्या वेळी सगळ्यात गर्दी झाली ती झटका मशीन उघडून बघायला. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) पीक खातात म्हणून कुंपणाला लावतात ते. त्यातला झटका हजारो व्होल्टचा असतो, पण सेकंदाला साधारण एकच, आणि तोही सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळ. म्हणून जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. कुंपणात थेट लाइनचा करंट सोडला तर मधे सोडायला उसंतच नसते. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. विदर्भात यानं माणसंही गेली आहेत आणि वाघही. मशीन उघडताना आतला कपॅसिटर आधी रिकामा करायचा, एक हात पाठीमागं ठेवायचा. एकट्यानं अजिबात उघडायचं नाही.

फोटो काढण्याआधी विचारा, एकेकाला. जर्मन कॅम्पात हा नियम फार कडक आहे आणि तो आम्ही तसाच उचलला. मांडवाचा सरसकट फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही.

दुसऱ्याच्या लॅपटॉपला, फोनला, गावच्या वायफायला, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरला न विचारता हात लावायचा नाही. गमतीतही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली विनापरवानगी शिरणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, आणि पोलीस पाटलांना आम्ही शब्द दिलाय. शिरून बघायची हौस असणाऱ्यांसाठी आम्ही मुद्दाम दोन जुने राउटर आणि एक सर्व्हर फोडायला ठेवतो. त्यावर रात्रभर बसा.

वाढपी

जर्मन कॅम्पातल्या स्वयंसेवकांना 'एंजल' म्हणतात. आमच्याकडं 'वाढपी'. प्रत्येकानं दोन पाळ्या करायच्या: पाणी भरणं, भांडी, जनरेटरचं डिझेल, रात्रीचा पहारा, नवख्यांना तंबू लावून देणं. नवख्याला मी नेहमी पहिल्या रात्रीच्या पंगतीत वाढायला उभं करतो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडून तुपात बुडवायचे. वरणाची बादली घेऊन साठ जणांपुढून गेलात की सगळ्यांशी बोलून होतं, ओळख करून द्यावी लागत नाही.

सोल्डरिंगनंतर हात धुतल्याशिवाय पंगतीत बसू नका. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

रात्र

दोनला झोपून सहाला उठायचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी असा माणूस उलटी बॅटरी जोडतो. झोपा.

अंधारात एकटं वावरात जायचं नाही, दोघं जा, उजेड पायापुढं टाका. थंडीतही घोणस बाहेर असते, धसकटात दिसत नाही. बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचू आडोसा शोधतो. कुणाला काही चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, देवऋषी नाही. पाय-हात हलू न देता १०८ला फोन, आणि सरळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. आमची एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडं करून उभी असते, किल्ली तिच्यातच.

निघताना

रविवारी अकराला सगळं थांबतं. तंबू निघाले की खरं काम: वावर वेचणं. कापूस वेचायला जशा बाया तासात ओळीनं उभ्या राहतात तसे आम्ही सगळे एका ओळीत उभे राहतो आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत वाकून चालतो. केबल टाय, तारेचे तुकडे, स्क्रू, सोल्डरचे गोळे. सोमवारपासून इथं बैल चरणार असतात. तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर पोटात गेला की तो जठर भोसकत हृदयापर्यंत पोचू शकतो, जनावर हळूहळू खंगतं.

ओळ गेली की मागून एक जण जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून फिरवतो. तांबं आणि सोल्डर त्याला चिकटत नाही, म्हणून ते डोळ्यांनीच वेचायचं. मागच्या वेळी चुंबकाला सत्तावीस स्क्रू, एक टाचणी आणि काकांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला विळा लागला. विळ्याला गंज चढला होता, पण मुठीचं लाकूड शाबूत होतं. काका म्हणाले, "हे आनलं नाही तुमी. हे ठिवा इथंच."